कॉकाटीलसाठी पिंजरा करायचा आहे: जाळीतलं जस्त, खेळण्यांतलं शिसं आणि आपले पक्षी (नागपूर)

त्रिमूर्तीनगरकर:

नमस्कार मंडळी. गच्चीवर जिन्याच्या खोलीला लागून कॉकाटीलसाठी (तुरेवाला छोटा पोपट) मोठा पिंजरा करून घ्यायचा आहे, आत शिरून साफ करता येईल एवढा. रविवारी इतवारीत लोहा ओळीत जाळी बघायला गेलो होतो. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. एक जाळी चकचकीत, पण तिच्या जवळजवळ प्रत्येक सांध्यावर जस्ताचे गोळे थिजलेले. दुसरी जरा मळकट, सांध्यांवर काळसर डाग. तिसरीवर हिरव्या प्लास्टिकचा थर. पहिल्या जाळीचा एक गोळा नखाने खरवडला, तर तो सुटून बोटावरच आला, तांदळाच्या कणीएवढा. आमची मादी दिवसभर एकच उद्योग करते: जे सैल दिसेल ते चोचीने उपटायचं आणि जिभेवर घोळवायचं. ही जाळी तिच्यासमोर लावायची म्हणजे तिला रोज विष वाढून द्यायचं. काही न घेता परत आलो.

पक्षी पाळणारे आपण दाण्याबद्दल, उन्हाबद्दल, मांजरांबद्दल तासन्‌तास बोलतो. ज्या वस्तूत तो पक्षी जन्मभर राहणार, ती कशाची बनली आहे हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. दुकानात विचारलं तर "साहेब, सगळे हेच नेतात" एवढंच उत्तर मिळतं. तर प्रश्न असा की नागपुरात तुम्ही कोणती जाळी वापरली? जस्ताची जाळी धुऊन वापरता येते का? आणि खेळण्यांचं काय करता?

संत्री_आणि_पाखरं:

स्टेनलेस स्टील. ३०४ ग्रेड. बाकी काही बघूच नका.

मनीषनगरची_मैना:

ताई, तेवढं सोपं असतं तर सगळ्यांनी तेच घेतलं असतं. जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) आणि स्टीलच्या भावातला फरक बघितलात का? गच्चीभर पिंजरा करायचा म्हणजे माणसाला विचार करावाच लागतो. माझा त्रिमूर्तीनगरकरांना प्रश्न: पावडर कोटिंगचा (भुकटी रंग भाजून चढवलेला) तयार पिंजरा का नको?

पाखरांचा_डॉक्टर:

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे आधी थोडं मुळापासून सांगतो.

परदेशात पक्षीवाले जस्ताच्या विषबाधेला 'नव्या तारेचा आजार' म्हणतात, कारण नवीन गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या जाळीत ठेवलेले पक्षी आजारी पडताना दिसत. तारेवरचा जस्ताचा थर, त्याचे गोळे आणि पावसाळ्यात त्यावर येणारी पांढरी भुकटी पोटात जाते. आता पक्ष्याचं पोट कसं असतं ते बघा. दात नसल्यामुळे दाणे दळायचं काम पेषणी करते. जड, टणक कण तिथे अडकून राहतात. धातूचा तुकडाही तसाच अडकतो, आम्लात आणि घर्षणात झिजत राहतो आणि रोज थोडा थोडा रक्तात उतरतो. माणसाच्या पोटातून जी वस्तू दोन दिवसांत बाहेर पडली असती, ती पक्ष्यात मुक्कामाला राहते. त्यात बडगीचं (सगळ्यात लहान पाळीव पोपटांपैकी एक) वजन ३०-४० ग्रॅम, कॉकाटीलचं ८०-१०० ग्रॅम. तुम्ही बोटावर घेतलेला तो गोळा या हिशेबात लहान नाही.

जस्त मुख्यतः पचनसंस्था, स्वादुपिंड आणि मूत्रपिंडावर घाव घालतं. शिसं रक्त आणि मज्जासंस्था बिघडवतं. सुरुवातीची लक्षणं दोन्हींत साधारण सारखीच: पिसं फुगवून बसणं, खाल्लेलं उलटून टाकणं, पाणी जास्त पिणं, शी पातळ आणि गडद हिरवी होणं, वजन उतरणं. शिशात पुढे पाय लटपटतात, पंख गळतात, झटके येतात. यातलं प्रत्येक लक्षण इतर दहा आजारांतही दिसतं, म्हणून हे निदान हातून सुटतं. पक्षी घेऊन याल तेव्हा पिंजऱ्याचे आणि खेळण्यांचे फोटो घेऊन या. आम्हाला त्याची फार मदत होते.

महालातला_वाडा:

डॉक्टरसाहेबांचा मान राखून लिहितो. आमच्या महालातल्या वाड्यात माझ्या लहानपणापासून पिंजरे होते. राघू होता, नंतर पांढरी कबुतरं, नंतर बडगी. लोखंडी पिंजरा, पितळी वाटी. कधी कोणाला काही झालं नाही. आजकाल प्रत्येक गोष्टीत विष दिसायला लागलं आहे असं मला वाटतं.

पाखरांचा_डॉक्टर:

काका, तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याचं कारणही आहे. जुने पिंजरे बहुधा साध्या लोखंडी तारेचे असत. ते गंजायचे, पण त्यांच्यावर जस्त नसायचं. दुसरं म्हणजे कबुतर जाळी चावत नाही. पोपटाच्या कुळातले पक्षी, म्हणजे बडगी, कॉकाटील, लव्हबर्ड हे सगळे, चोचीचा तिसरा पाय करून जाळीवर चढतात आणि चढता चढता ती कुरतडतात. त्यामुळे धोका पक्ष्याच्या स्वभावावरही असतो. एकाच पिंजऱ्यात एक आजारी पडतो आणि बाकीचे ठणठणीत राहतात, हे मी पाहिलं आहे.

संत्री_आणि_पाखरं:

काका, विषय निघालाच आहे म्हणून नव्या वाचकांसाठी: राघू, पहाडी पोपट, मैना, मुनिया हे सगळे आपले देशी पक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळता येत नाहीत. रस्त्यावर कोणी विकत असेल तर घेऊ नका.

महालातला_वाडा:

बरोबर. आमचा राघू त्या कायद्याच्या आधीचा. नंतर वाड्यात राघू आणला नाही. जाळीबद्दल डॉक्टरांनी सांगितलं ते पटलं. आमचा पिंजरा काळ्या लोखंडाचाच होता, वडील त्याला दर दिवाळीला रंग देत.

गोकुळपेठ_कॉर्नर:

दर दिवाळीला रंग हे वाचून थांबले. काका, त्या काळच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ते लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या दारं-खिडक्यांच्या रंगाचं काही सांगता येत नाही. शिवाय ती मर्यादा घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे, कारखान्यात लोखंडाला मारायच्या रंगांना नाही. जुन्या घरात पक्षी मोकळा सोडत असाल तर तो खिडकीच्या चौकटीवर बसून पोपडे काढतो का, ते बघा.

आता माझा अनुभव. आमच्या लव्हबर्डच्या पिंजऱ्यासोबत एक घंटी आली होती, रंगीत, आत लोलक. लव्हबर्डला तिचा भारी नाद. काही महिन्यांनी तो गप्प झाला. खाली बसायचा, खायला गेला की दाणा तोंडातून गळायचा, शी हिरवीगार आणि भोवती नुसतं पाणी. पहिल्यांदा ज्यांच्याकडे नेलं त्यांनी व्हिटॅमिनचे थेंब दिले. फरक पडेना, म्हणून दुसऱ्यांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पिंजऱ्यात काय काय आहे?" एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर पोटाच्या जागी दोन पांढरेशुभ्र ठिपके, हाडांपेक्षाही पांढरे. घरी येऊन घंटी पाहिली तर लोलकाचं टोक चावून चपटं झालेलं. इंजेक्शनांचा कोर्स झाला, मध्ये थांबून पुन्हा झाला, आणि पक्षी वाचला. अजून आहे, अजून भांडतो.

तुम्हा सगळ्यांना कळकळीने सांगते, पिंजऱ्यासोबत फुकट आलेली घंटी आणि आरसा त्याच दिवशी काढून टाका.

मनीषनगरची_मैना:

बापरे. वाचूनच उठले आणि आमच्या मिनूची घंटी काढून आणली. ती आता माझ्यावर ओरडते आहे. ओरडू दे.

हिंगणा_वेल्डर:

भाऊ, मी फॅब्रिकेशनचं काम करतो, हिंगणा एमआयडीसीकडे. जाळीचं गणित समजावून सांगतो, म्हणजे दुकानदार फसवणार नाही.

तुम्हाला जी गोळेवाली दिसली न, ती आधी वेल्ड करून मग वितळलेल्या जस्तात बुडवलेली. जस्त ४१९ अंशाला वितळते, हौद साडेचारशेच्या आसपास ठेवतात. बाहेर काढताना सांध्यात जास्तीचं जस्त थिजून जाते, ते तुमचे गोळे. दुसरी मळकटवाली, तिची तार आधी जस्त चढवलेली आणि मग वेल्ड केलेली. वेल्डच्या जागी जस्त जळून जाते, म्हणून काळे डाग, आणि तिथूनच ती सडते. आम्ही कंपाऊंडसाठी पहिलीच सांगतो, काहून की ती टिकते. पण पाखरासाठी तीच जास्त वाईट, हे मला आज इथं वाचून समजलं. हिरव्यावालीच्या आतही जीआयच तार राहते. प्लास्टिक सोललं की आतून जस्तच.

पावडर कोटिंगचं विचारून राहिल्या ताई, तर पावडर कशावर मारली त्यावर सगळं. चांगलं काम असलं, खाली साधं लोखंड असलं, तर ठीक. स्वस्तातल्या पिंजऱ्यात वाकवलेल्या जागी, दाराच्या कडीजवळ पोपडे निघतात. तिथं नजर ठेवा.

संत्री_आणि_पाखरं:

दादा, हे फारच कामाचं. मग चुंबक लावून ओळखता येतं का? मी ऐकलंय की चुंबक चिकटलं तर ते वाईट.

हिंगणा_वेल्डर:

तसं नाही ताई. चुंबक लोखंडाला चिकटते, जस्ताला नाही. जीआय तार चिकटेल ती आतल्या लोखंडामुळे. साधी लोखंडी तारही चिकटेल. आणि निव्वळ जस्ताची ओतीव कडी असली, स्वस्त कुलूप असलं, तर चुंबक चिकटणारच नाही आणि तुम्ही समजाल की स्टील आहे. स्टेनलेस ३०४ ला चुंबक जवळपास धरत नाही, पण २०२ ग्रेडलाही धरत नाही. २०२ विषारी नाही, पण आपल्या पावसाळ्यात लवकर डागाळते. म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या.

प्रयोगवही:

मी रसायनशास्त्र शिकवते. जस्ताची जाळी धुऊन वापरण्याबद्दल सुरुवातीला विचारलं आहे, त्यावर.

जस्त आम्लात विरघळतं. म्हणून जाळी पातळ व्हिनेगरने ताठ ब्रश मारून घासली की वरची पांढरी भुकटी, सैल कण आणि काही गोळे निघतात. मग भरपूर पाण्याने धुवायची आणि काही महिने उन्हापावसात राहू द्यायची, म्हणजे नव्या जाळीपेक्षा धोका कमी होतो. कमी होतो म्हणाले, जात नाही. जस्ताचा थर तारेवर तसाच असतो आणि पुढच्या पावसाळ्यात नवी भुकटी येते. ज्यांच्याकडे जीआयचा पिंजरा आधीपासून आहे आणि लगेच बदलणं शक्य नाही, त्यांनी हे जरूर करावं. नवीन करताना मात्र हा मार्ग धरू नये.

याच कारणाने आपल्या गावातली एक सवय सांगावीशी वाटते. हिवाळ्यात घराघरांत संत्री असतात, आणि पक्ष्याला संत्र्याची फोड जाळीत खोचून किंवा तारेला टोचून देतात. संत्र्याचा रस आंबट. तो जस्ताच्या तारेवरून ओघळतो, जस्त घेऊन फोडीत मुरतो आणि पक्षी नेमकी तीच जागा चोखतो. जस्ताच्या बादलीत आपण ताक ठेवत नाही, मग पक्ष्याची फोड तरी जस्तावर का? चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या वाटीत द्या.

गोकुळपेठ_कॉर्नर:

संत्र्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं! हे मी आमच्या ग्रुपवर टाकते.

वर्धमाननगर_अप्पा:

तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं म्हणतात. पक्ष्यांना चालेल का?

पाखरांचा_डॉक्टर:

नको अप्पा. एवढ्याशा जिवाला तांबं पुरेसं दाण्यातून मिळतं. पितळी वाटीही नको, पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. स्टील किंवा काच.

सीताबर्डी_एक्सप्रेस:

माझ्या मावशीची बडगी नॉनस्टिक तवा जळाल्याच्या धुराने गेली. मिनिटांत. तेही लिहा कोणीतरी.

पाखरांचा_डॉक्टर:

ते खरं आहे आणि फार गंभीर आहे, पण तो धातूचा विषय नाही. तव्याच्या लेपाचा धूर पक्ष्याची फुप्फुसं सहन करू शकत नाहीत. पक्षी स्वयंपाकघरात ठेवूच नका. त्यावर वेगळा धागा काढू.

मनीषनगरची_मैना:

वेगळ्या धाग्यावरून आठवलं, जानेवारीत मांजाने कापलेले पक्षी सापडले की कुठे न्यायचे?

संत्री_आणि_पाखरं:

जखमी जंगली पक्षी सापडला तर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, सेमिनरी हिल्स. पाळीव पक्ष्यासाठी तिकडे जाऊ नका, ते वन्यजीवांसाठी आहे. पाळीवांसाठी जवळच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

औषधांचं_दुकान:

मी फार्मासिस्ट आहे. गोकुळपेठच्या ताईंनी इंजेक्शनांचा उल्लेख केला म्हणून एक इशारा देतो, कारण असे धागे वाचून लोक औषध शोधत येतात. धातू बाहेर काढायला जे देतात ते कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचं डायसोडियम ईडीटीए हे वेगळं रसायन आहे. ते रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि त्याने जीव जाऊ शकतो. माणसांतही या गोंधळाने मृत्यू झालेले आहेत. तेव्हा हे घरी कोणीही करू नये. डोस वजनावर, आणि वजन ग्रॅममध्ये.

पाखरांचा_डॉक्टर:

अगदी योग्य वेळी लिहिलंत. यात दोन गोष्टींची भर घालतो. एक्स-रे कोरा आला म्हणून धातू नाही असं समजू नका. धातूचा तुकडा दिसतो, पण विरघळलेलं जस्त किंवा बारीक भुकटी दिसत नाही. अशा वेळी रक्ताची तपासणी लागते. जस्तासाठी रक्त घेताना साधी रबरी बुचाची नळी चालत नाही, कारण रबरातच जस्त असतं आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारा की नळी कोणती हवी. मालकाने हे विचारलेलं कोणत्याही चांगल्या डॉक्टरला आवडेल.

खेळण्यांवर_बोलू_काही:

खेळण्यांचा प्रश्न मागे पडला. माझं मत ठाम आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि त्या मानकात शिशासारख्या धातूंची चाचणी येते. पक्ष्यांची खेळणी त्यात येत नाहीत. रंगीत ठोकळे, साखळ्या, घुंगरं, सगळं कोणत्याही तपासणीशिवाय विकलं जातं. माझ्या मते धातूचं खेळणं पक्ष्याला द्यायचंच नाही. कडुनिंबाच्या ताज्या फांद्या, मक्याची कणसं, नारळाच्या शेंड्या, सुती दोरीऐवजी पामची पानं. नागपुरात कडुनिंबाला तोटा नाही. फक्त फवारणी केलेल्या झाडाची फांदी घेऊ नका. टांगायला स्टेनलेसची कडी पुरते.

आणि खेळणं तुटलं की डाख देऊन जोडू नका. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या डाखाच्या तारेत ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं. शिसं मऊ, चोचीने सहज निघतं.

वर्धमाननगर_अप्पा:

पडद्याच्या खालच्या शिवणीत घालतात ते वजनाचे मणी पण शिशाचेच ना? आमचा कॉकाटील पडद्यावर चढतो.

खेळण्यांवर_बोलू_काही:

जुने असतील तर बहुतेक हो. उसवून काढा. मासेमारीच्या जाळ्याचे मणीसुद्धा तसेच. नकली दागिने घालून पक्षी खांद्यावर घेत असाल तर कानातलंही बघा.

उन्हाळा_४६:

उन्हाळ्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे मे महिन्यात पिंजरा कूलरसमोर सरकवतात. जुन्या पद्धतीच्या कूलरचा सांगाडा जीआय पत्र्याचा. चार-पाच मोसम वापरलेल्या कूलरची टाकी आतून बघा, कडेला पांढरी खरबरीत पुटं असतात. ते जस्तच. सोडलेला पक्षी कूलरच्या कडेवर बसून टाकीतलं पाणी पितो, पत्र्याची धार कुरतडतो. शेजारी हे रोज चालायचं, आम्ही सांगून बंद करवलं. कूलर खोलीच्या खिडकीला, पक्षी दुसऱ्या टोकाला, पाणी स्वतःच्या वाटीत. आणि अंगावर सरळ झोत नको.

प्रयोगवही:

कूलरचं पाणी दिवसेंदिवस उडून उडून घट्ट होतं, क्षार वाढतात, तसं त्यात उतरलेलं जस्तही साठत जातं. ते पाणी पक्ष्याला कधीच नको. तुमच्या शेजाऱ्यांनी ऐकलं हे फार चांगलं झालं.

महालातला_वाडा:

कूलरबद्दल सहमत. आमच्याकडे नातीने बडगी आणल्या आहेत. दुकानात "लव्हबर्ड" म्हणूनच दिल्या होत्या. आज संध्याकाळी तिच्यासोबत बसून पिंजऱ्याचा प्रत्येक सांधा बघितला. दाराच्या स्प्रिंगजवळ रंग उडाला आहे. पिंजरा बदलतोय.

त्रिमूर्तीनगरकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलं ते सांगतो.

पिंजरा आधी ठरवला होता त्यापेक्षा लहान करतो, पण ३०४ चा करतो. गच्चीभर जस्त घेण्यापेक्षा अर्ध्या जागेत स्टील बरं, उडायला त्यांना संध्याकाळी हॉल आहेच. जाळी अर्धा इंची, म्हणजे मोठे उंदीर शिरणार नाहीत. चौकट सागाची, घरी जुन्या पलंगाचं लाकूड पडून आहे, पण त्याचं पॉलिश पूर्ण तासून काढणार. वेल्डरदादा, आर्गन वेल्डिंगने जोडलं तर सांध्यात डाख वगैरे काही येत नाही ना? आणि छपराला, पक्ष्याची चोच पोहोचणार नाही अशा उंचीवर, जीआय पत्रा चालेल का?

हिंगणा_वेल्डर:

आर्गनमध्ये डाख नाही, स्टीलचीच तार वितळते. जोडल्यावर सांधा घासून गुळगुळीत करून घ्या, टोकं राहू देऊ नका. पत्र्याचं डॉक्टरसाहेब सांगतील.

पाखरांचा_डॉक्टर:

चोच पोहोचत नसेल तर पत्रा चालेल, पण पावसाचं पाणी त्यावरून पिंजऱ्यात किंवा पाण्याच्या वाटीत टपकायला नको. उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. आणि पत्र्याखाली मे महिन्यात भट्टी होते, म्हणून वर गवताचा किंवा बांबूचा थर घ्या.

मनीषनगरची_मैना:

कुलूप?

त्रिमूर्तीनगरकर:

कुलूप बाहेरच्या दाराला, आतल्या दाराला स्टीलची सरकती कडी. मध्ये हातभर जागा सोडतोय, म्हणजे दार उघडताना कोणी उडूनही जाणार नाही.

हिंगणा_वेल्डर:

एक राहिलं भाऊ. जाळी स्टीलची घेतली तरी दुकानदार सोबत जे नट-बोल्ट, वॉशर आणि यू-खिळे देतो न, ते जस्त चढवलेलेच राहतात. चौकटीला जाळी ठोकताना शंभर ठिकाणी ते आतल्या बाजूने येतील. तेही एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) मागा, लोहा ओळीतच सुटे मिळतात. रविवारी सकाळी मी तिकडे माल घ्यायला येतो, सांगाल तर सोबत पाहू.

त्रिमूर्तीनगरकर:

नक्की दादा. निरोप पाठवतो.

गोकुळपेठ_कॉर्नर:

मलाही चार वॉशर हवे आहेत, फांद्या टांगायला. मीही येते.